डबा खायची जागा

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. आमच्या स्टाफरूमच्या मागच्या खिडकीतून कॉलेजचं फाटक दिसतं, फाटकापुढचा रस्ता दिसतो आणि रस्त्यापलीकडचा बसथांबा. थांबा म्हणजे तीन बाजूंनी भिंत, वर शेवाळ धरलेलं छप्पर, आत सिमेंटचा बाक आणि बाकाखाली कायमची मुक्कामाला असलेली एक कुत्री. त्या दिवशी पाऊस आडवा मारत होता. बाकाच्या कोपऱ्यात, कुत्रीला पाय लागणार नाही अशा बेतानं पाय दुमडून, आमची एफवायची एक मुलगी डबा खात होती. मांडीवर रुमाल, रुमालावर डबा, आणि डाव्या हातानं छत्री तोंडाशी आडवी धरलेली. छत्री पावसासाठी होती की रस्त्यावरच्या माणसांसाठी, ते लांबून कळत नव्हतं. दीड वाजत आला होता. आमचं कॅन्टीन तिथून शंभर पावलांवर. आत पंखे, टेबलं, पातळभाजी-पावाचा वास आणि मरणाचा गोंगाट. आणि ही बाहेर, ओल्या बाकावर. मी म्हटलं असेल आज काहीतरी. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तीच जागा, तोच कोपरा. तिसऱ्या दिवशी मी माझा चहा घेऊन मुद्दामच खिडकीशी उभी राहिले.

तीच जागा.

बोचायचं कारण उघड होतं. त्या मुलीची ‘मेंटॉर’ म्हणून कागदावर माझं नाव होतं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला वीस-पंचवीस मुलं येतात, त्यांचं ‘बघायचं’. नेमकं काय बघायचं हे कुणी सांगत नाही. या शब्दाला मराठीत काय म्हणावं तेही मला अजून सापडलेलं नाही. पालकशिक्षक म्हटलं की पाचवीच्या वर्गातल्या खडूचा वास येतो, मार्गदर्शक म्हटलं की शाल-श्रीफळ आठवतं. तर मी मेंटॉर. जूनच्या शेवटी नव्या मुलांना सभागृहात बसवून मी पन्नास मिनिटं बोलले होते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची एक पुस्तिका काढली, नव्या मुलांचं स्वागत कसं करावं, त्यांना रुळायला कशी मदत करावी याची. ती मी प्रामाणिकपणे वाचून काढली होती. बेचाळीस स्लाइड केल्या होत्या. मेजर म्हणजे काय, मायनर म्हणजे काय, एमडीसी, एईसी, एसईसी, व्हीएसी, ही सगळी विषयांच्या गटांची लघुरूपं. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आमच्याकडे गोव्यात चार वर्षांची पदवी आली, एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा, तीन केली तर डिग्री, चार केली तर ऑनर्स, हे सगळं बाणबिण काढून दाखवलं होतं. रॅगिंगविरोधी नियम २००९ चे, मुलानं आणि पालकांनी दोघांनीही भरायचं हमीपत्र, हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२. हजेरीचे पंचाहत्तर टक्के. शेवटच्या स्लाइडवर कॉलेजच्या आवारातल्या बहाव्याचा फोटो आणि खाली ‘एनी क्वेश्चन्स?’

कुणालाच प्रश्न नव्हता. दीडशे मुलं माझ्याकडं बघत होती आणि मी त्यांच्याकडं. मला तर वाटलं होतं, सगळं समजलं म्हणून गप्प आहेत.

पहिल्या वर्षाची मुलं ओळखायला ओळखपत्र लागत नाही. तास संपला की ती वर्गातच बसून राहतात, शाळेतल्यासारखे पुढचे शिक्षक तिथंच येतील म्हणून. एकदा रिकाम्या वर्गात तीन मुलं पाऊण तास हाताची घडी घालून बसली होती. त्यांचा तास वरच्या मजल्यावर कधीचा सुरू झाला होता. सगळ्या विषयांच्या सगळ्या वह्या रोज पाठीवर आणतात. पाणी प्यायला जाऊ का, असं हात वर करून विचारतात आणि मागच्या बाकावरची धीट पोरं खिदळतात. ही धीट पोरं म्हणजे शहरातल्या हायर सेकंडरीतून घोळक्यानं आलेली, हेल्मेट कोपराला अडकवून फिरणारी. लांबची मुलं एकेकटी येतात. पेडण्याच्या टोकाची, सत्तरीची, सांग्याची, काणकोणची. आमच्याकडं प्राथमिक शाळा मराठीतून नाहीतर कोकणीतून करायची आणि पाचवीत पाय ठेवला की सगळं इंग्रजीतून, असा बऱ्याच जणांचा प्रवास. म्हणजे दहाव्या वर्षी एकदा पायाखालची जमीन सरकलेली असतेच. आठ वर्षं घालवून ती कुठं थोडी घट्ट होते, तोवर कॉलेज येतं. अशा मुलाला वर्गात उभं करून प्रश्न विचारला की तो आधी उत्तराचा विचार करतो, मग त्या उत्तराच्या इंग्रजीचा, आणि तोवर शेजारच्यानं उत्तर देऊन टाकलेलं असतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. ज्या मुलानं लहानपणापासून कुळागरात पोफळीच्या मुळाशी पाणी सोडलंय, तो त्याच मुळाला ‘ॲडव्हेंटिशस रूट’ म्हटल्यावर गांगरतो. चूक त्याची नाही हे मला कळतं. त्याला ते कसं कळवायचं, तेवढं अजून जमत नाही.

मला हे कळतं, कारण मीही त्याच वाटेनं आले. मी पेडणे तालुक्यातली. एफवायला होते १९८६ मध्ये. गोवा विद्यापीठ नुकतंच वर्षाचं झालं होतं. आमच्या आधीची मुलं मुंबई विद्यापीठाची डिग्री घेऊन बाहेर पडलेली, आम्ही नव्या घरातले पहिले-दुसरे भाडेकरू. कॉलेज सुरू होऊन धड दोन आठवडेही झाले नव्हते. पणजीचा बस स्टँड, तिथून कॉलेजची वाट, कुठल्या कोपऱ्यावर वळायचं हे मी मनात पाठ करत होते. आणि ५ जुलैला मांडवीवरचा पूल पडला.

पूल पडला हे वाक्य आज लिहितानाही खरं वाटत नाही. उणीपुरी सोळा वर्षांचा पूल. १९७० मध्ये तो झाला तेव्हा मला कडेवर घेऊन आजोबा बघायला गेले होते, असं घरात सांगत. तो पडला आणि उत्तरेकडून पणजीला येणारं सगळं जग बेतीच्या धक्क्यावर येऊन थांबलं. कारकून, भाजीवाल्या, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कोर्टाची तारीख असलेले लोक, आणि आम्ही. फेरीबोटीची फळी खाली पडली की मुसंडी मारून आत शिरायचं. चपला हातात, वह्या पोटाशी. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. माझी बीएस्सी त्याआधीच संपली होती, म्हणजे माझं अख्खं कॉलेज पाण्यावरून झालं. (पूल हे इतकं आयतं रूपक आहे की ते वापरायची लाज वाटते. नाही वापरत.)

सांगायची गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी घरी कुणाला कधी सांगितलेली नाही. पूल पडल्यावर लगेचच्या त्या दिवसांत एका सकाळी फेरी पणजीच्या धक्क्याला लागली, लोक धावत उतरले आणि मी उतरलेच नाही. उशीर झाला होता. पहिला तास सुरू झाला असणार. उशिरा गेल्यावर दार वाजवायचं, की विचारायचं, की तसंच आत शिरायचं, हे मला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी एका मुलाला सरांनी दारातूनच परत पाठवलं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. फेरी भरली, परत बेतीला गेली. तिथं वाटलं, घरी जावं. पण एवढ्या लवकर घरी गेले तर आई काय ते विचारणार. पुन्हा पणजी. पुन्हा उतरणं झालं नाही. डिझेलचा वास, नदीचं गढूळ तांबूस पाणी, त्यावरून वाहत जाणारी झाडाची फांदी आणि फांदीवर बसलेला बगळा. मला तो बगळा अजून दिसतो. तिसऱ्या खेपेला फळी सोडणारा खलाशी, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेला, विडी कानावर, माझ्यापुढं येऊन थांबला. पणजीच्या दिशेनं बोट करून म्हणाला, “बाय, कॉलेज त्या वटेन. हांगा न्हय.”

बस्स, तेवढंच. ओरडला नाही, हसला नाही, कुठल्या गावची हेही विचारलं नाही. मी उतरले. दुसरा तासही सुरू झाला होता, दार उघडंच होतं, मी आत जाऊन मागं बसले आणि सरांनी मान वर करूनही पाहिलं नाही. नंतर कितीतरी दिवस तो खलाशी दिसला की मी नजर चुकवायची. त्यानं मला अडलेलं पाहिलं होतं ना. माझ्या कामी आला म्हणूनच तो मला नकोसा झाला होता, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. त्याच वर्षी डिसेंबरात कोकणी की मराठी या राजभाषेच्या आंदोलनानं गोवा पेटला, कॉलेज कितीतरी दिवस बंद-चालू होत राहिलं, आणि ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला. माझ्या बाकावरची, रोज माझ्या छत्रीतून येणारी मैत्रीण त्या काळात तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मी मराठीच्या घरातली, ती कोकणीच्या. भांडण आम्ही ज्या भाषेत करत होतो ती मात्र दोघींचीही एकच होती. मग पुन्हा एकदा जोराचा पाऊस आला आणि तिनं छत्री आणली नव्हती. असो. तो वेगळा विषय आहे.

माझ्या थोरल्या काकांसमोर मी फेरीचं कौतुक सांगायला गेले की ते हात झटकत. त्यांच्या वेळी गोव्यात कला-विज्ञानाचं साधं कॉलेजच नव्हतं. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत आणि मडगावात ती निघाली. त्याआधी शिकायचं तर बेळगाव, धारवाड, पुणे, नाहीतर थेट मुंबई. काका बेळगावला होते. “तुमका फेरी आसली, आमका शीम आसली,” म्हणायचे. शीम म्हणजे हद्द. पण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असं विचारलं तर हद्द, पोर्तुगीज, पैसे यांतलं काहीच सांगत नसत. खानावळीच्या आमटीत नारळ नसायचा, म्हणत. सहा महिने रोज जेवताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि वाढपी समजायचा तिखट लागलं म्हणून. तो बिचारा ताक आणून द्यायचा.

तर मी त्या वाढप्यासारखंच केलं.

बसथांब्यावरची मुलगी पाहून माझ्या डोक्यात सगळा उलगडा झाला होता. तिला वाटत असणार, कॅन्टीनमध्ये बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. मला स्वतःला पहिलं अख्खं वर्ष तसंच वाटत होतं. बेचाळीस स्लाइडमध्ये आपण हे सांगितलं नाही, ही आपली चूक, आणि ती आता आपण दुरुस्त करायची. दुसऱ्या दिवशी तास संपताना मी पुस्तक मिटून, आवाज जरा हलका करून म्हटलं, “आणि हो, कॅन्टीनमध्ये घरचा डबा खाल्लेला चालतो हं. काही घ्यायलाच पाहिजे असं नाही. बाहेर पावसात कुणी बसू नका.” नाव घेतलं नाही. तिच्याकडं पाहिलंही नाही. एवढी काळजी घेतली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःवर खूशही झाले. वर्गात मात्र साठ माना एकदम तिच्याकडं वळल्या. त्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

खरं तर त्या वर्गातल्या मुली चांगल्या. दोघी-तिघींनी त्याच दुपारी तिला हाताला धरून कॅन्टीनमध्ये नेलं. मी खिडकीतून पाहिलं, थांबा रिकामा, फक्त कुत्री. दुसऱ्या दिवशीही रिकामा. कॅन्टीनमध्ये चक्कर मारली तर ती चौघींमध्ये बसलेली, डबा उघडा, समोर कुणीतरी दिलेलं मिरचीभजं, आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. मी तिला हसून मान हलवली. तिनंही हलवली. स्टाफरूममध्ये येऊन मी सहकाऱ्यांना हा किस्सा सांगितला, जरा रंगवूनच सांगितला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा थांब्यावर.

मग मला थोडा राग आला, हे कबूल करायला हवं. आपण हात पुढं करावा आणि समोरच्यानं तो न धरता आपल्या मूळ जागी जाऊन बसावं, तर राग येतोच. काहींना मदत नकोच असते, असलं एक वाक्यही मी तेव्हा बोलले.

आमच्याकडं पहिली सहामाही चवथीआधीची आणि चवथीनंतरची अशी दोन भागांत पडते, कॅलेंडर काहीही म्हणो. (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी.) चवथीआधी मुलं पाहुण्यासारखी वागतात. चवथीला सगळी आपापल्या गावी पळतात, आठ-दहा दिवस माणसांनी भरलेल्या घरात राहतात, नेवऱ्या खातात, आरत्या म्हणून घसा बसवून येतात, आणि आल्यावर कॉलेज आपल्या बापाचं असल्यासारखी फिरायला लागतात. मी दरवर्षी पाहते. तेव्हा जे काही समजावायचं ते चवथीआधी समजावून उपयोग नाही, असं माझं मत होत चाललंय. या मताला कुठल्या पुस्तिकेत जागा नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी मी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळा-पानांचं, सामान घ्यायला बाजारात गेले. रस्त्याच्या कडेनं रांगच्या रांग बायका बसलेल्या, सत्तरीतून, डिचोलीतून, डोंगरातलं सामान घेऊन आलेल्या. लालभडक कवंडाळं, कांगल्यांचे पिवळे घोस, आंबाडे, तोरिंगां, सुपारीची शिपटी, पानांवर अजून रानातली माती. मी एका ठिकाणी थांबून कांगल्यांचा एक घोस उचलला आणि भाव विचारला. उत्तर ओळखीच्या आवाजात आलं. वर पाहिलं तर तीच. केस गच्च बांधलेले, ओढणी कमरेला, हातात कोयता. वर्गात ‘येस मॅडम’च्या पुढं न जाणारी ती मुलगी एकाच वेळी तिघांशी बोलत होती. एका मोटारवाल्याला शिपटं परवडत नव्हतं, त्याला ती सांगत होती की पलीकडच्या रांगेत स्वस्त मिळेल पण ते परवाचं आहे, उद्या दुपारी देवाच्या डोक्यावर गळेल. माझ्या हातातला घोस काढून घेतला आणि मागच्या पाटीतला दुसरा दिला. “तो नका मॅडम. तो आजच फुटेल. हा नेला तर उद्या फुटेल, आतलं लाल दिसेल.” मी तीस वर्षं फळांचे प्रकार शिकवते आहे. फळ वाळून आपोआप तडकण्याला एक लांबलचक इंग्रजी शब्द आहे, तो मला येतो. कुठलं आज तडकणार आणि कुठलं उद्या, हे येत नाही.

शेजारी तिची आई. मुलीनं ओळख करून दिली तशी ती पाटीवरून उठूनच उभी राहिली. मला कानकोंडं झालं. मी म्हटलं, मुलगी हुशार आहे, फक्त जरा बोलायला हवी. (मेंटॉरनं म्हणायचं ठरलेलं वाक्य.) आणि म्हटलं, पावसात बसून जेवते, तेवढं सांगा तिला. आई आधी हसली, मग मुलीकडं बघितलं, मग सांगितलं.

त्यांचं गाव वाळपईच्याही पुढं. मुलगी पहाटे साडेपाचला घर सोडते, तेव्हा चूल पेटलेली असते पण जेवण झालेलं नसतं. म्हणून डबा मागून येतो, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसनं. बसचा कंडक्टर त्यांच्याच वाड्यावरचा. एकच्या सुमाराला बस कॉलेजपुढून पणजीकडं जाते, कंडक्टर दारातूनच डबा खाली देतो. पणजी स्टँडला जाऊन बस पाऊण तासानं परत फिरते, तेवढ्यात हिनं जेवून, डबा खळबळून, पलीकडच्या बाजूला जाऊन तो परत द्यायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या आत घरी. “फोनार कोणूय सांगता जेवलें म्हूण,” आई म्हणाली. “डबो फट मारिना.” फट म्हणजे थाप.

आणि मग, अगदी सहज, तक्रारीचा सूर नसलेल्या आवाजात: मध्ये तीन दिवस डबा परत आला नव्हता. चेडवानं (पोरीनं) कॉलेज सोडलं की काय म्हणून ती घाबरली होती. विचारलं तर मुलगी सांगायची, मैत्रिणींबरोबर बसले होते, बस चुकली.

मुलगी खाली मान घालून सुपाऱ्या मोजत होती. त्या तीन दिवसांबद्दल ती मला आजवर एक शब्द बोललेली नाही. मॅडमनी सांगितलं म्हणून ती कॅन्टीनमध्ये गेली होती, घड्याळाकडं बघत बसली होती, आणि मी दारातून हसून मान हलवली होती. कांगल्यांचे पैसे तिनं घेतले नाहीत. मी आग्रह केला, तिनं नाही म्हटलं, मी पुन्हा केला, तेव्हा आईनं घेतले, अर्धे परत केले. घरी येऊन माटोळी बांधताना माझा हात सारखा थांबत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, आरतीच्या वेळेला, घोस फुटला. आतलं लाल.

यंदा जूनमध्ये मी स्लाइड नऊवर आणल्या. एमडीसी-एसईसी राहिलं, हेल्पलाइनचा नंबर राहिला, ते ठेवावंच लागतं आणि ठेवावंही. बाकीचा वेळ एसवायच्या मुलांना दिला; म्हटलं, तुम्हाला पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं नाही असं एकेक सांगा. एक म्हणाला, उशीर झाला तर मागच्या दारानं आत या आणि बसा, सॉरी म्हणत उभे राहू नका, त्यानं सगळे बघतात. दुसरी म्हणाली, कूलरचा डावा नळ नुसता दिसायला आहे. एकानं ऑफिसच्या खिडकीशी किती वाजता कोण असतं याचं असं वर्णन केलं की मला शिक्षक म्हणून त्याला थांबवावं लागलं. नव्या मुलांनी भराभर प्रश्न विचारले. बस पासचे, झेरॉक्सचे, शनिवारी यावं लागतं का याचे. ती मुलगीही उभी राहिली. पणजीच्या बस स्टँडवर वाळपईची बस कुठल्या बाजूला लागते आणि जागा धरायला किती आधी जायचं, एवढंच सांगून बसली. थांब्याचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

आणि जुलैमधला एक दिवस. प्रॅक्टिकलला आणलेली शेवाळं टिकणार नव्हती म्हणून मी जेवणाची सुट्टी अर्धी कापून सगळ्यांना लवकर बोलावलं. ती धापा टाकत आली, हात ओले, डबा हातात. सूक्ष्मदर्शकाशी बसली खरी, पण नजर दाराकडं. पावणेदोन होत आले होते. मी जवळ गेले. हळूच म्हटलं, “दे इकडं. स्लाइड बिघडेल तुझी. मी देते कंडक्टरला.” तिनं एक क्षण माझ्याकडं पाहिलं आणि डबा दिला.

मी छत्री घेऊन फाटकाबाहेर आले. डबा हातात घेतल्यावर लक्षात आलं, जड आहे. रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्याच्या छपराखाली उभी राहिले आणि झाकण उघडलं. अर्धा तसाच होता. उकड्या तांदळाचा भात, तांबडी भाजी, कोपऱ्यात सुक्या सुंगटांची किसमूर. वास भप्पकन वर आला. कुत्री बाकाखालून उठून बसली. लांब वळणावर कदंबचं तोंड दिसत होतं, पुढं एक टँकर होता म्हणून अजून मिनिट-दोन मिनिटं मिळणार होती.

मी इकडंतिकडं पाहिलं. छत्री तोंडाशी आडवी धरली आणि जेवायला सुरुवात केली. भात गार झाला होता, किसमूर तिखट होती, चमचा नव्हता. शेवटचा घास कुत्रीला टाकला, छपराच्या पन्हळीखाली डबा खळबळला आणि पुन्हा रस्ता ओलांडून हात केला. बस थांबली. कंडक्टरनं दारातून डबा घेतला, कानाशी नेऊन हलवून बघितला आणि माझ्याकडं बघून विचारलं, “चेडूं खंय?”

“प्रॅक्टिकलाक,” मी म्हटलं. तोंडात अजून घास होता.